रेतीत पुरलेला सोमल

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा आणि दुसऱ्या महायुद्धाची लढाई अजून संपली नव्हती. माहेर अमरावतीचं. वडील शहराबाहेर फुलं आणि भाजीपाला पिकवून बाजारात विकत. सासर मूर्तिजापूरच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यातलं एक लहान गाव. सासरचेही माळीच. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात कोबी, दसऱ्या-दिवाळीला झेंडू. त्यामुळे कामाची मला सवय होती. नवीन होतं ते पाणी.

त्या मुलखाला खारपाण म्हणतात. वर काळीभोर, खोल जमीन आणि तिच्या पोटात खारं पाणी. गावविहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसाचं पोट पहिल्याच आठवड्यात बिघडतं. पण आमच्या वाडीला लागून एक नाला होता. भाजीपाल्याच्या मळ्याला तिकडे वाडी म्हणतात. नाल्याने पुरागणिक रेती-गोटे आणून काठाला एक पट्टा घातला होता, आणि त्या पट्ट्यात माझ्या आजेसासऱ्यांनी खणलेली विहीर होती. नाल्याचं पाणी रेतीतून गाळलं जाऊन तिच्यात उतरायचं. ते गोड होतं. आमचं घर आणि शेजारच्या पिंजाऱ्याचं घर, अशी दोन घरं प्यायला आणि डाळीला तेच पाणी नेत. गावातलं कुणी आजारी पडलं तर आमच्या विहिरीची घागर मागायला माणूस यायचा.

घरात सासरे होते, त्यांना मी मामाजी म्हणायची. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, मी आणि माझा नवरा. जाऊबाई सासूबाईंची सख्खी भाची, रिद्धपूरकडची. तिला मूल नव्हतं. उंच, हाडापेराने मजबूत, आणि कामाला वाघीण. दिवस उगवला की ती वाडीत आणि मावळला की घरात. मला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "घरात घुसमटशील, माह्यासंग वाडीत चाल." तिच्यामागे फिरून मी त्या घरची झाले.

सासूबाई मात्र खारपाणातच जन्मलेल्या. त्यांना वाडीचं गोडं पाणी मिळमिळीत लागायचं. डाळीत घालायच्या, पण प्यायच्या नाहीत. त्यांचा माठ वेगळा, गावविहिरीच्या पाण्याचा. आम्ही दोघी सुना त्यावरून त्यांची थट्टा करायचो.

लग्नानंतरच्या कार्तिकात टोळ आले. दुपारी ऊन मळकट झालं, आधी वाटलं वावटळ असेल. मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. आमच्या कोबीच्या नुसत्या शिरा उरल्या. गावातल्या एका बड्या बागाईतदाराने अकोल्याच्या व्यापाऱ्याकडून सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकच्या विषाचे, डबे आणवले. पांढरी भुकटी, पिठासारखी, वासही नाही. ती कोंड्यात आणि गुळाच्या पाण्यात कालवून टोळांपुढे फेकायची. आमची वाडी मध्यावर पडायची म्हणून कालवायचं काम आमच्या काळीच्या, म्हणजे काळ्या जमिनीच्या, कडेला झालं. मामाजी तिथे उभे होते. हाताला फडकी बांधल्याशिवाय त्यांनी एकाही माणसाला कोंड्याला शिवू दिलं नाही. लेकरांना त्या बाजूला फिरकू दिलं नाही. काम झाल्यावर सगळ्यांना राखेने हात घासायला लावले.

टोळ मेले, उरलेले उडून गेले. बरेच डबे तसेच शिल्लक राहिले. बागाईतदार म्हणाला, नेतो चार दिवसांत. ते आमच्या गुरांच्या कोठ्यात, बैलांच्या पेंडीच्या वर आडव्या लाकडावर ठेवले. हिवाळा गेला, तो काही आला नाही. चैत्रात एक डबा गंजून खालून फुटला आणि भुकटी गळून गव्हाणीत पडली. आमच्या तांबड्या गाईचं वासरू ती चाटून मेलं. संध्याकाळपर्यंत पाय झाडत होतं.

मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बागाईतदाराकडे गेले, तर तो म्हणाला नाल्यात ओतून द्या, पाऊस आला की वाहून जाईल. मामाजींनी ते ऐकलं नाही. खालच्या गावची गुरं त्याच नाल्यावर पाणी पितात, असं म्हणून ते परत आले. त्यांनी ठरवलं, खोल खड्डा करून डबे गाडायचे.

आधी त्यांनी काळीतला एक कोपरा निवडला. वैशाख होता. काळीची जमीन उन्हाने अशी तापून आवळलेली असते की तिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, पण भेगांच्या मधली ढेकळं दगडासारखी. दीर आणि माझा नवरा सकाळपासून टिकास मारत होते. टिकास उसळून परत यायचा. दुपारपर्यंत गुडघाभरसुद्धा खड्डा झाला नाही, आणि दिरांच्या तळहाताला फोड आले. तेव्हा मामाजी म्हणाले, राहू द्या, नाल्याकाठी खणू. तिथली रेती फावड्याने निघते. विहिरीपासून चांगल्या दूर, वरच्या अंगाला बाभळी होत्या. तिथे गुरं चरत नसत, माणूस जात नसे. तिथे दोघांनी बघता बघता छातीइतका खड्डा काढला. सगळे डबे, फुटका सुद्धा, तळाशी मांडले, वर रेती लोटली, रेतीवर गोटे आणि गोट्यांवर बोराटीच्या काट्या. मामाजींनी भोवती फिरून बघितलं. मी आणि जाऊबाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेलो होतो. त्यांचा चेहरा मोकळा झालेला मला स्पष्ट आठवतो. वासरू मेल्यापासून ते पहिल्यांदाच नीट बोलले.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. विहीर इतकी भरली की वाकून घागर बुडवता यायची.

श्रावणात आधी पिंजाऱ्याचा लहान मुलगा आजारी पडला. हगवण आणि ओकाऱ्या. गावात सगळ्यांना वाटलं, पटकी. त्याची आई माझ्याच वयाची, मी तिला भाबी म्हणायची. ती रात्रंदिवस त्याला चमच्याने पाणी पाजत होती. पाणी आमच्या विहिरीचं, उकळून गार केलेलं, कारण वैद्यांनी सांगितलं होतं स्वच्छ पाणी पाजा. मुलगा गेला. मग आमच्या घरात एकेकाला तेच सुरू झालं. पण आम्ही मेलो नाही. बरं वाटायचं, पुन्हा व्हायचं. पटकी अशी येत-जात नाही, एवढं सगळ्यांना कळत होतं. तरी दुसरं नाव कुणाला सुचलं नाही. गावात शेजारच्या आळीत कुणाला काही झालं नाही, तेव्हा लोक म्हणू लागले की वासराची हत्या लागली.

दिवाळीनंतर पायांची आग सुरू झाली. तळव्यांना निखारा लावल्यासारखं व्हायचं, आणि मग बधिरपणा. मी चुलीजवळ बसून लाकूड पुढे सारायची तर टाच भाजली तरी समजायचं नाही. माझे दिवस भरत आले होते म्हणून सगळ्यांनी ते गरोदरपणावर घातलं. पौषात मी बाळंतपणासाठी अमरावतीला आले. मुलगी झाली. वजनाने कमी, पण रडायला खणखणीत. तिथे राहून माझी आग हळूहळू गेली, केस गळायचे थांबले, तोंडाला चव आली. आई म्हणाली, बाळंत झालीस, मोकळी झालीस. मलाही ते पटलं. फाल्गुनानंतर मी मुलीला घेऊन परत सासरी गेले.

जाऊबाईंना बघितलं आणि मी दारातच थांबले. अंगाची लाकडं झाली होती. छातीवर आणि दंडांवर काळसर डाग, त्यांत पांढरे ठिपके, धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तसे. तळहात उघडून तिने मला दाखवले. कातडी जाड होऊन तिच्यावर मसूर पसरावेत तसे कठीण दाणे आले होते. मी तिचे हात हातात घ्यायला गेले तर तिने मागे घेतले.

"शिवू नको," ती म्हणाली. "तुह्यापाशी लेकरू आहे."

गावाने तिच्या दुखण्याला महारोग नाव दिलं होतं. आमच्या घरच्या भाजीला मूर्तिजापुरात कुणी हात लावेना. दिरांनी सुरुवातीला भांडून पाहिलं. मग तेही गप्प झाले. शेवटी घरातल्या सगळ्यांनी मिळून, तिलाही विचारून, तिची सोय वाडीतल्या झोपडीत केली. झोपडी विहिरीच्या काठावर होती. मामाजींनी ती नवी शाकारून दिली. सासूबाई दोन वेळा ताट घेऊन जायच्या आणि ती जेवेपर्यंत समोर बसायच्या. स्वयंपाक सासूबाईंचा होता. पाणी ती स्वतः विहिरीतून काढायची. उन्हाळा होता, झोपडीत तापायचं, तिला सतत तहान लागायची. "पान्याचं सुख आहे इथं, बाकी काई नाई," असं ती एकदा मला म्हणाली होती.

ती तिथे गेल्यावर फार लवकर खचली. पाय टेकवेनात. आमचंही सगळ्यांचं कमी-जास्त सुरूच होतं. माझी आग महिन्याभरात परत आली. नवऱ्याच्या नखांवर पांढऱ्या आडव्या रेघा उमटल्या. मामाजींचा आवाज बसला. एकट्या सासूबाई धडधाकट होत्या.

पावसाच्या तोंडावर जाऊबाईंचा भाऊ भेटायला आला. बहिणीला झोपडीत बघितल्याबरोबर त्याने बैलबंडी जुंपली. बंडीत गवत पसरलं, तिला उचलून ठेवलं, मूर्तिजापूरला गाडी धरली आणि अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचे तळहात बघितले, नखं उजेडात धरली, लघवी तपासायला पाठवली. मग भावाला बाहेर बोलावून सांगितलं की हा महारोग नाही, हिच्या अंगात सोमल आहे. बरेच दिवसांपासून, थोडा थोडा, कुणीतरी पोटात घालतंय.

त्या काळी सोमल म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर यायची. खाणावळीत, घरात, सवतीसवतीत, वारसाहक्कासाठी, दुधातून किंवा भाकरीतून दिलेला सोमल. बाजारात तो सहज मिळायचा. डॉक्टरांनी वावगं काही केलं नाही. त्यांनी पोलिसांना कळवलं. आणि दवाखान्यात राहून बहिणीला जेवण जाऊ लागलं, हे बघून भावाची खात्रीच झाली.

जमादार आमच्या दारात आला तेव्हा मी मुलीला पाजत होते. घरात होते त्या सगळ्यांना त्याने ओटीवर बोलावलं. पहिला प्रश्न, स्वयंपाक कोण करतं. दुसरा, घरात आजारी नाही असं कोण. दोन्हींचं उत्तर एकच होतं. तिसरा प्रश्न विचारायची त्याला गरज पडली नाही. सासूबाईंना त्याने चावडीवर चालायला सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला, माझ्याकडे बघून म्हणाल्या की तुरीची डाळ चुलीवर आहे, आणि निघाल्या. गाव दारात उभं राहून बघत होतं.

त्या दुपारी आमच्या घरात जे झालं ते मला आजही लिहायला जड जातं. दीर म्हणाले, ती वांझ म्हणून आई तिच्यावर नाराज होतीच. माझा नवरा त्यांच्या अंगावर धावून गेला. मग तोच वळून मला विचारू लागला की बाळंतपणाहून आल्यावर तुझं कसं परत बिघडलं, माहेरी कसं बरं होतं. चुलीवरच्या डाळीकडे आम्ही सगळे बघत होतो आणि ती कुणी वाढून घेतली नाही. सासूबाईंनी अशी जन्मभर डाळ शिजवली होती.

मामाजी शेतातून उशिरा आले. त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. ते सरळ चावडीवर गेले, माझा नवरा मागोमाग. पुढचं त्याने मला सांगितलं. जमादार सासूबाईंना विचारत होता, सोमल कुठून आणला, कुणी दिला. त्या एकच सांगत होत्या, सोमल आमच्या घरात नाही. जमादाराने मामाजींकडे वळून विचारलं, तुमच्या घरात कधी सोमल आला होता का. मामाजींनी तोंड उघडलं आणि बोलता बोलता थांबले. मग खाली जमिनीवर बसले.

"आला होता," ते म्हणाले. "म्याच गाडला. विहिरीच्या वरतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार, दोन शिपाई, पाटील आणि अर्धं गाव नाल्यावर गेलं. मामाजींनी कुणाला फावडं घेऊ दिलं नाही, स्वतः उकरलं. काट्या काढल्या, गोटे काढले, रेती काढली. रेती स्वच्छ होती, नदीवर असते तशी. डबे सापडले. गंजून त्यांची चाळण झाली होती, हातात घेतला की पापुद्रे सुटायचे. आत भुकटी नव्हती. सगळे डबे रिकामे होते. खड्ड्याच्या तळाशी ओल होती आणि ती ओल उताराने विहिरीकडे गेलेली दिसत होती.

पाणी तपासायला गेलं. सासूबाई प्यायच्या ते गावविहिरीचं, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. सासूबाईंना सोडून दिलं, पण चावडीवरून घरी येताना त्या गावाच्या मधल्या रस्त्याने आल्या नाहीत, मागच्या शेतांतून आल्या.

काही दिवसांनी नागपूरहून एक गृहस्थ आले. माती आणि पाणी तपासणं हे त्यांचं काम. शांत, हळू बोलणारे, टोपी काखेत धरून फिरायचे. विहिरीचं पाणी त्यांनी पुन्हा भरून घेतलं. खड्ड्यापासून विहिरीपर्यंतची रेती ठिकठिकाणी घेतली. मग त्यांनी विचारलं की कोंडा कुठे कालवला होता. मामाजींनी त्यांना काळीच्या कडेला नेलं. टोळांच्या वर्षापासून त्या जागी काहीच उगवलं नव्हतं. चहूकडे हिरवं आणि मध्ये खाटेएवढा काळा चट्टा. अख्खा एक पावसाळा त्याच्यावरून गेला होता. गृहस्थांनी तिथली माती वरची वेगळी, वीतभर खालची वेगळी, हातभर खालची वेगळी अशी घेतली.

आठवड्याने ते परत आले. मामाजींना सगळं समजावून सांगायला ते मुद्दाम आले होते, असं मला वाटतं. सांगायला त्यांनी आमच्याच घरातल्या दोन कुंड्या मागितल्या, बुडाला भोक असलेल्या. एकीत काळी चाळून भरली, दुसरीत नाल्याची रेती. जांभळ्या शाईची पुडी पाण्यात विरघळवली आणि दोन्हींत सारखी ओतली. रेतीच्या कुंडीतून लगेच धार लागली, जांभळीच्या जांभळी. काळीच्या कुंडीवर पाणी साचून राहिलं. आम्ही वाट बघत बसलो. भाबीही आली होती, भिंतीला टेकून उभी. फार वेळाने काळीच्या कुंडीतून थेंब पडू लागले. ते जवळजवळ पांढरे होते. गृहस्थांनी वरची माती बोटाने उचलून दाखवली, शाई तिथेच बसली होती.

त्यांनी सांगितलं ते असं. काळीचे कण अगदी बारीक असतात, पिठाहून बारीक. पाण्यात विरघळून आलेलं विष त्या कणांना चिकटतं आणि त्यांच्यापासून सहजी सुटत नाही. म्हणून कालवलेल्या जागचा सोमल वरच्या वीतभर मातीत सापडला, हातभर खाली जवळजवळ नव्हता. रेतीचे कण मोठे आणि गुळगुळीत. त्यांना धरायला जागाच नाही. पाऊस पडला, डबे गंजले, पाण्याबरोबर सोमल निघाला आणि पाणी जिथे जात होतं तिथे गेला. तुमची विहीर ज्या कारणाने गोड होती, त्याच कारणाने बिघडली, असं ते म्हणाले. पाणी तिच्यात लवकर येत होतं.

मामाजींनी काळीची कुंडी पुढे ओढली.

"मंग काळीतच गाडलं असतं तं?" त्यांनी विचारलं.

 काळीही भरवशाची नाही, असं गृहस्थांनी आधी सांगितलं. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात, त्यांतून पहिल्या पावसाचं पाणी सरळ खाली उतरतं. शिवाय तुमची काळी कायमची नासली असती. पण मामाजी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

"विहिरीत इतकं आलं नसतं," गृहस्थ शेवटी म्हणाले.

मामाजींनी मान हलवली. मग उठून त्यांनी दिराचा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. फोड कधीच बरे झाले होते. "तुमचे हात पाहून म्या थांबोलं," एवढंच ते म्हणाले. दीर रडायला लागले. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मामाजी पिंजाऱ्याच्या दारात गेले. मी मुलीला कडेवर घेऊन आमच्या अंगणात होते, मला सगळं दिसत होतं. पिंजारी कापूस पिंजत होता, त्याने धनुकली बाजूला ठेवली. मामाजी त्याच्या उंबऱ्याखाली उभे राहिले. तुमचं पोरगं माझ्यामुळे गेलं, असं काहीसं त्यांनी म्हटलं असावं. बसलेल्या आवाजामुळे मला नीट ऐकू आलं नाही.  भाबी आतून बाहेर आली. डोक्यावरची ओढणी पुढे घेऊन ती म्हणाली, "चाचा, तुमी बी तं तेच पानी पेत होते."

मामाजी परत आले. त्या दोन घरांत त्यानंतर भांडण झालं नाही. पण भाबी माझ्याकडे येऊन बसायची ती बंद झाली. मी गेले की बोलायची, हसायचीसुद्धा. ती स्वतःहून मात्र आली नाही.

जाऊबाई पुन्हा घरी आली नाही. दवाखान्यातून भावाने तिला रिद्धपूरकडे नेलं. मी तिला बघायला एकदाच गेले, दिरांबरोबर. तिला तोवर सगळं कळलं होतं. ती खाटेवर होती, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. मी तिचे हात धरले, आता तिने काढून घेतले नाहीत. भाऊ बाजूला उभा होता. तिने त्याला आमच्यादेखत सांगितलं की पोलिसांपुढे मी कधीच आत्याचं नाव घेतलं नव्हतं, तू घेतलंस.

"आत्यानं मले कदी शिळी भाकर बी देल्ली नाई," ती म्हणाली. "इख काहून देईन?"

भाऊ बाहेर गेला. आश्विनात ती गेली. सासूबाई शेवटच्या दर्शनाला गेल्या तेव्हा भावाने त्यांचे पाय धरले. त्यांनी त्याला उठवलं, तोंडावरून हात फिरवला, पण बोलल्या नाहीत. तो त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा होता. पुढे लग्नकार्यात भेट व्हायची, तेव्हाही त्या त्याच्याशी गरजेपुरतंच बोलल्या.

विहीर मामाजींनी बुजवली. गृहस्थ म्हणाले होते, उपसत राहा, काही वर्षांनी पाणी कदाचित सुधारेल. मामाजींना ते मान्य नव्हतं. रेतीतली विहीर त्यांनी रेतीने भरली नाही. उन्हाळाभर बंडीने काळी वाहून आणली आणि तिच्यात लोटली. वाडी त्या पाण्याविना जगू शकत नव्हती. खाऱ्या पाण्यावर कोबी होत नाही, मेथी जळते. दीर अकोल्याला सरकी-रुईच्या कारखान्यात कामाला लागले. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. आम्ही दोघं मुलीला घेऊन अमरावतीला माझ्या वडिलांच्या हाताखाली आलो. मामाजी गावातच राहिले, ज्वारी आणि पराटी म्हणजे कापूस करून, आणि तिथेच वारले. त्यांना कुणी दोष दिला नाही. मला वाटतं, कुणी दिला असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

मामाजींच्या मागे सासूबाई आमच्याकडे अमरावतीला आल्या. बरीच वर्षं जगल्या. स्वयंपाकघर त्यांनी माझ्या हाती दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. फक्त एक रीत त्यांनी बदलली. आमच्यात बायका मागून जेवतात, घरात कुणी उपाशी असेल तोवर सासूबाईंनी कधी घास घेतला नव्हता. आता त्या पानं मांडायच्या, सगळ्यांना बसवायच्या, आणि कुणाचं ताट वाढायच्या आधी प्रत्येक भांड्यातलं चमचाभर काढून आमच्यासमोर उभ्या राहून खायच्या. डाळ, भाजी, ताक, पाणी. लेकरं हसायची, आजीला भूक आवरत नाही म्हणायची. त्याही हसायच्या. मग पदराने तोंड पुसून वाढायला लागायच्या.